प्रतिपालक कुटुंबातील मुलाचे शिक्षण: शाळाप्रवेशापासून अठराव्या वर्षापर्यंत

आईवडील हयात नसतात, किंवा हयात असूनही दीर्घ आजार, तुरुंगवास, व्यसन, घरातील हिंसा अशा कारणांमुळे मुलाला सांभाळू शकत नाहीत. अशा मुलाला बालगृहात ठेवण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या कुटुंबात काही काळ वाढवण्याची जी कायदेशीर सोय आहे, तिला प्रतिपालकत्व किंवा फॉस्टर केअर म्हणतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 मधील कलम 44 हा तिचा आधार आहे. दत्तक घेण्यात आणि यात मोठा फरक आहे. दत्तकविधानानंतर मूल कायमचे आणि कायद्याने त्या कुटुंबाचे होते. प्रतिपालकत्वात मात्र मुलाचे नाव, आडनाव, वारसा आणि जन्मदात्यांशी असलेले नाते तसेच राहते, आणि घरची परिस्थिती सुधारल्यास मुलाने आपल्या घरी परत जावे, हीच मूळ अपेक्षा असते.

मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबाची राहील, असे याच कलमात म्हटले आहे. वाचताना हे सरळ वाटते, पण प्रत्यक्षात त्या मुलाच्या आयुष्याची सूत्रे चार ठिकाणी विखुरलेली असतात. मुलाला कोणत्या घरी ठेवायचे आणि किती काळ, हे बाल कल्याण समिती ठरवते. दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य आणि घरभेटी यांचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. शाळा शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते, आणि जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार यांसारखे कागद जन्मदात्या आईवडिलांच्या नावाने, अनेकदा दुसऱ्याच जिल्ह्यात पडलेले असतात. जबाबदारी अशी वाटली गेली की शिक्षणाची बारभाईंची खेती होते. मूल शाळेत जाते आहे ना, एवढीच चौकशी प्रत्येक जण करतो. ते काय शिकते आहे, हे विचारणारा कोणी उरत नाही. म्हणून कोणते काम कोणाचे आणि ते कसे करून घ्यायचे, हे पुढे सविस्तर मांडले आहे, आणि प्रत्येक मुलामागे त्याच्या शिक्षणाचा पाठपुरावा करणारा एक ठरलेला माणूस का हवा, हेही.

प्रथम व्यवस्थेची थोडी ओळख. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते, आणि तिचा आदेश हा या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. प्रतिपालकत्व एक वर्षापर्यंतचे असेल तर अल्पकालीन आणि त्याहून अधिक असेल तर दीर्घकालीन मानले जाते. दीर्घकालीन व्यवस्था मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालू राहू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी प्रत्येक मुलामागे दरमहा 4,000 रुपये दिले जातात. महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारी आणखी एक जुनी योजना आहे. आज ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना या नावाने ओळखली जाते. तिची मूळ कल्पना मुलाला दुसऱ्या कुटुंबात वाढवण्याची होती, तरी आज तिचा लाभ बहुतांशी आजी-आजोबा, काका, मामा, मावशी यांच्याकडे किंवा एकट्या आईवडिलांजवळ राहणाऱ्या मुलांना मिळतो. तिची रक्कम दीर्घकाळ महिन्याला 425 रुपये होती. ती पुढे 1,100 आणि 2023 पासून 2,250 रुपये झाली. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या या मुलांच्या शाळेच्या अडचणी प्रतिपालक कुटुंबातील मुलांसारख्याच असतात, त्यामुळे पुढील बहुतेक मजकूर त्यांनाही लागू पडतो.

पहिला अडथळा शाळाप्रवेशाचा. मूल अनेकदा सत्राच्या मध्यावर, हातात एक पिशवी घेऊन नव्या घरी येते. आधीच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणलेला नसतो, कारण ज्या परिस्थितीत त्याला घरातून बाहेर काढले गेले, त्या वेळी दाखल्याचा विचार कोणाच्या मनात येणे शक्यच नसते. मग नवी शाळा म्हणते, दाखला आणा. जुनी शाळा म्हणते, वडिलांना सही करायला पाठवा. आणि या येरझारांत मुलाचे दोन-तीन महिने घरी बसण्यात जातात. कायद्याला हे मान्य नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 5 नुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणाऱ्या मुलाला जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने तत्काळ दाखला दिला पाहिजे. दाखला मिळण्यास उशीर झाला, हे कारण दाखवून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 15 नुसार वर्ष सुरू होऊन बराच काळ लोटला तरीही नाकारता येत नाही. आधार नसल्याबद्दलही हेच म्हणता येते: सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मधील आधारविषयक निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे.

या तरतुदी कार्यालयात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतीलच, असे गृहीत धरू नये. प्रतिपालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात ही कलमे नमूद करावीत, समितीच्या आदेशाचा उल्लेख करावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. जुन्या शाळेशी पत्रव्यवहार करण्याचे आणि विद्यार्थ्याची ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीतील नोंद नव्या शाळेकडे वर्ग करून घेण्याचे काम शाळांनी आपसात करायचे असते. त्यासाठी प्रतिपालकांनी मुलाच्या जुन्या गावी, जिथून त्याला सुरक्षिततेसाठी हलवले आहे तिथे, चकरा मारणे योग्य नाही. तरीही अडले, तर केंद्रप्रमुख आणि नंतर गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे, आणि त्याच वेळी जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संस्थाबाह्य संगोपन पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांना कळवावे. शाळेसाठी कार्यालयीन पत्राचे वजन वेगळे असते, आणि ते पत्र देणे हे कक्षाच्या कामातच मोडते.

हे संरक्षण सहा ते चौदा या वयोगटाला आहे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. नववीत किंवा दहावीत शाळा बदलावी लागलेल्या मुलामागे या अधिनियमाचे बळ नसते, आणि बोर्डाच्या नोंदणीच्या मुदतीही पाळाव्या लागतात. म्हणून शक्य असेल तर दहावीच्या वर्षात मुलाची शाळा बदलू नये, आणि घर बदलणे अटळ असेल तर त्याच शाळेच्या अंतरातील कुटुंब शोधावे, असा आग्रह समितीपुढे धरायला हवा. अमेरिकेत 2015 च्या शिक्षण कायद्याने हा विचार सर्वच इयत्तांना लागू केला: प्रतिपालक घर बदलले तरी हितावह असेल तोवर मूल मूळ शाळेतच राहील, आणि शाळा बदलणे भाग पडलेच तर कागदपत्रे हाती नसतानाही नव्या शाळेत लगेच प्रवेश मिळेल. आपल्याकडे अशी तरतूद नाही. पण मुलाला कुठे ठेवायचे, याचा विचार करताना नकाशावर घराबरोबर शाळाही पाहायला समितीला कोणी मनाई केलेली नाही.

यानंतर सही कोणाची, हा प्रश्न येतो. सहलीचे संमतिपत्र, लसीकरणाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रगतिपुस्तक या सगळ्यावर पालकाची सही लागते, आणि प्रतिपालक हे कायद्याच्या अर्थाने मुलाचे आईवडील नसतात. यावर उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर केला पाहिजे. मूल घरी येण्यापूर्वी समितीचा आदेश तयार होत असतानाच त्यात शाळाप्रवेश, पालकसभा, परीक्षा, शिष्यवृत्ती, शालेय आरोग्य तपासणी या कामांसाठी प्रतिपालकांनी सही करावी, अशी स्पष्ट ओळ घालून घ्यावी. नंतर प्रत्येक फॉर्मसाठी समितीकडे धाव घेण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मात्र संपूर्ण आदेशाची प्रत शाळेत देऊ नये. त्यात मुलाला घरातून का हलवले, याची कारणे असतात, आणि ती शिक्षकखोलीत फिरणे मुलाच्या दृष्टीने घातक आहे. शाळेसाठी कक्षाकडून चार ओळींचे स्वतंत्र पत्र मागून घ्यावे. मुलाची ओळख उघड होईल असा तपशील, अगदी त्याच्या शाळेचे नावसुद्धा, वर्तमानपत्रातून किंवा अन्य कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने मनाई केली असून त्यासाठी शिक्षाही सांगितली आहे. स्नेहसंमेलनाच्या फोटोखाली कौतुकाने लिहिलेली एखादी ओळही या मनाईत येऊ शकते, याची जाणीव शाळांना करून द्यावी.

नावाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे, आणि त्यात चुका बहुधा प्रेमापोटी होतात. मूल रुळले, घरातल्यांना काका-काकू किंवा आई-बाबा म्हणू लागले, की प्रतिपालकांना वाटते, शाळेच्या रजिस्टरवर आपलेच आडनाव लावावे, म्हणजे वर्गात कोणी काही विचारणार नाही. ही भावना समजण्यासारखी आहे, तरी तसे करू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीवरूनच पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो, त्यावरून दहावीचे प्रमाणपत्र, आणि त्याच साखळीवर जातीचा दाखला व जात पडताळणी अवलंबून असते. मुलाचा जातीचा दाखला जन्मदात्या वडिलांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कागदांवरून मिळतो. शाळेत एक आडनाव आणि जन्मदाखल्यावर दुसरे, अशी स्थिती झाली, तर आदिवासी, भटक्या-विमुक्त किंवा अनुसूचित जातीतील मुलाच्या हक्काची शिष्यवृत्ती आणि पुढचे प्रवेश अडकतात, आणि रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत जावे लागते. पुढे दत्तकविधान झाले, तर नाव कायदेशीर मार्गाने बदलता येईल. तोवर रजिस्टरवर मुलाचे स्वतःचे नाव आणि सांभाळणाऱ्यांच्या रकान्यात प्रतिपालकांचे नाव, हीच रीत योग्य. वर्गात हाक मारताना शिक्षक नुसते पहिले नाव वापरू शकतात. मुलाने घरातल्यांना काय म्हणायचे, हे मात्र मुलावरच सोडावे; शाळेने किंवा शेजाऱ्यांनी त्यात लक्ष घालू नये.

याच कारणासाठी मूल घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एक फाईल तयार करावी. तिच्यात जन्मदाखला, आधीच्या शाळांची नावे व तेथील रजिस्टर क्रमांक, मिळतील तेवढी प्रगतिपुस्तके, लसीकरण कार्ड, वडिलांकडील नातेवाइकांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती आणि मुलाचे जुने फोटो असावेत. जन्मदाते संपर्कात असताना हे कागद एका भेटीत मिळतात, आणि तो संपर्क तुटला की तेच कागद मिळवण्यात वर्षे जातात. मूल पुढे दुसऱ्या घरी किंवा आपल्या घरी गेले, तर ही फाईल त्याच्याबरोबर जावी.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू, कारण कागद पूर्ण झाले तरी खरे काम तिथूनच सुरू होते. समजा, अकरा वर्षांची एक मुलगी आहे. कायद्याप्रमाणे तिला वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण सहावीत बसवायचे असते, आणि राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. तिची वही उघडली, तर अक्षर सुबक दिसते आणि फळ्यावरचा मजकूर काना-मात्रेसह जसाच्या तसा उतरलेला असतो. शिक्षकांचे समाधान होते. पण पुस्तकातले कोणतेही पान काढून वाचायला सांगितले, की ती पहिला शब्द अडखळत लावते, दुसऱ्याला थांबते आणि शेजारणीकडे पाहते. चार शाळा बदललेल्या या मुलीने वर्गात उघडे न पडण्याचा मार्ग शोधून काढला आहे. बघून उतरवणे तिला पक्के येते, वाचणे नाही. गणितातही पाढे तोंडपाठ असतील, पण हातच्याची वजाबाकी येणार नाही, कारण ती शिकवली गेली त्या महिन्यात ती शाळेतच नव्हती.

अशा मुलीला सहावीच्या सगळ्या विषयांची शिकवणी लावणे हा बहुतेक प्रतिपालकांचा पहिला विचार असतो, आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. आधी ती नेमकी कुठे आहे, हे पाहावे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचता येते, आणि संख्याओळख, बेरीज, वजाबाकी, भागाकार यांपैकी कुठे गाडी अडते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने याच तत्त्वावर, इयत्तेनुसार नव्हे तर पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत देशभर नेली आहे, आणि जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांना ती परिचित आहे. घरीही रोज अर्धा तास पुरतो. दुसरीचे बालभारतीचे पुस्तक घ्यायचे असेल, तर त्याला जाड कव्हर घालावे, म्हणजे इयत्ता दिसणार नाही; अकरा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या मुलाचे पुस्तक हातात धरण्याची लाज वाटते, आणि ही लाज शिकण्याच्या आड येते. पुस्तकाऐवजी छोट्या गोष्टींची चित्रमय पुस्तके घेतली तर आणखी चांगले. वाचन सुधारले की बाकीचे विषय बऱ्याच अंशी आपोआप सावरतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत गुणांची अपेक्षा बाजूला ठेवावी.

त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा दिसत नसलेले मूल मंद आहे असे ठरवले गेल्याची उदाहरणे शिक्षकांनाही माहीत असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीसाठी येते, पण हे मूल त्या दिवशी त्या शाळेत असेलच असे नाही. म्हणून प्रतिपालकांनी ते स्वतः करून घ्यावे. भाषाही तपासावी. घरी पारधी, गोरमाटी किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीत गप्प राहते, आणि गप्प राहणे म्हणजे न समजणे असा अर्थ लावला जातो. शक्यतो भाषा आणि समाज जुळणारे कुटुंब निवडावे, अशी नियमांची अपेक्षा आहे ती यासाठीही.

मनावरचा ताण शिकण्यात कसा आडवा येतो, हे शिक्षकांना समजले तर बरेच प्रश्न सुटतात. जे मूल पुढच्या महिन्यात आपण कुठे असू, धाकटा भाऊ कुठे आहे, आई बरी आहे का, या विचारात असते, त्याचे लक्ष अपूर्णांकांवर टिकत नाही. सतत सावध राहण्याची सवय लागलेल्या मुलाला मागून कोणी मोठ्याने बोलले तरी दचकायला होते. डब्यातली अर्धी पोळी दप्तरात लपवून ठेवणारे मूल चोर किंवा हावरे नसते. उद्या जेवण मिळेल याची खात्री त्याला अजून वाटत नसते. याचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय जन्मदात्यांची भेट झाल्यानंतरच्या दिवशी येतो. आईवडिलांना समितीने अकार्यक्षम किंवा असमर्थ ठरवले असले, तरी त्यांनी ठरावीक काळाने मुलाला भेटावे अशी सोय कलम 44 मध्ये आहे, आणि ती योग्यच आहे. पण रविवारी आईला भेटून आलेले मूल सोमवारी पहिल्या तासाला गृहपाठ दाखवणार नाही, कदाचित शेजारच्याशी भांडेल, कदाचित बाकावर डोके ठेवून पडून राहील. वर्गशिक्षकांना भेटीच्या तारखा आधी कळवल्या, तर त्या सोमवारी त्याला फळ्यापुढे उभे करायचे नाही आणि घटक चाचणी असल्यास दुसऱ्या दिवशी घ्यायची, एवढे ठरवता येते. शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 17 ने बंदी घातली आहे. मार खाऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत तर उगारलेली पट्टीसुद्धा सहा महिन्यांची मेहनत वाया घालवते.

शिक्षकांना सांगायचे ते इतकेच. मुलाची पूर्वकथा सांगू नये. त्याला शाळेतून कोण घेऊन जाईल, कोणाबरोबर पाठवायचे नाही, कशाने ते घाबरते आणि कशाने शांत होते, हे सांगावे. परिसर अभ्यासातील कुटुंबावरच्या पाठात वंशवृक्ष काढायला किंवा ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायला सांगितले जाते, तेव्हा सर्वच मुलांना ‘माझ्या घरातली माणसे’ किंवा ‘मला जीव लावणारे माणूस’ असा विषय दिला, तर कोणा एकाला वेगळे काढल्यासारखे होत नाही. एकट्या आईबरोबर किंवा आजीकडे राहणाऱ्या मुलांनाही त्याने हायसे वाटते.

प्रगतिपुस्तक जन्मदात्यांनाही दाखवावे, असे मला ठामपणे वाटते. काही प्रतिपालकांना हा आपल्या कष्टांचा अवमान वाटतो. पण मुलाच्या दृष्टीने विचार केला, तर आईने आपले मार्क पाहिले, चित्रकलेला अ श्रेणी मिळाल्याचे वाचले, ही गोष्ट त्याला दोन घरांपैकी एकाची निवड करण्याच्या ओझ्यातून सोडवते. मूल पुढे घरी परतले, तर त्याचे शिक्षण चालू ठेवण्याची इच्छाही त्या आईत तयार झालेली असते. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे, असे कायदा म्हणतो. ते जमले नाही, तर निदान एकाच शाळेत ठेवण्याचा प्रयत्न व्हावा, म्हणजे मधल्या सुट्टीत त्यांची भेट होत राहील.

हे सगळे कोणी घडवून आणायचे? इंग्लंडने याचे उत्तर कायद्यातच लिहिले आहे. तेथे प्रत्येक स्थानिक प्रशासनाला एक ‘व्हर्च्युअल स्कूल हेड’ नेमावा लागतो. 2014 पासून ते बंधनकारक आहे. नाव असे असले तरी ही इमारत किंवा ऑनलाइन शाळा नव्हे. त्या भागातील देखभालीखाली असलेली सर्व मुले वेगवेगळ्या शाळांत असली, तरी ती एकाच शाळेची विद्यार्थी आहेत असे समजून त्यांच्या हजेरीवर आणि प्रगतीवर लक्ष ठेवणारा हा मुख्याध्यापक असतो. प्रत्येक मुलाची स्वतंत्र शिक्षण योजना असते, तिचा दर सत्रात आढावा होतो, प्रत्येक शाळेत या मुलांसाठी एक शिक्षक नेमलेला असतो आणि शाळाप्रवेशात या मुलांना सर्वांत वरचा प्राधान्यक्रम मिळतो.

महाराष्ट्रात महिला व बाल विकास आयुक्तालय आणि शिक्षण आयुक्तालय ही दोन्ही पुण्यातच आहेत, पण तालुक्याच्या पातळीवर एका विभागाच्या मुलाची माहिती दुसऱ्याकडे नसते. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा तयार करण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे, आणि त्यात शिक्षणाचा रकानाही आहे. मात्र त्यात ‘शाळेत जातो’ एवढे लिहून भागवले जाते. त्याच रकान्यात वाचनाची आणि गणिताची सध्याची पातळी, पुढच्या सत्रापर्यंतचे उद्दिष्ट, हजेरी, वर्गशिक्षकांचे नाव आणि या सगळ्याचा पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिले गेले, तर नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही. ती व्यक्ती संरक्षण अधिकारी असू शकते, स्वयंसेवी संस्थेची समाजकार्यकर्ती असू शकते, किंवा एखादी निवृत्त शिक्षिकाही. समितीने घरभेटीच्या अहवालाबरोबर दर सत्राला तिचे एक पानी टिपण मागवावे, आणि मुलाला समितीपुढे बोलावण्याच्या तारखा शाळेच्या वेळेत व परीक्षेच्या दिवसांत येणार नाहीत, हेही पाहावे.

शेवटचा टप्पा अठराव्या वर्षाचा. वेळेत पहिलीत गेलेले मूल बारावीच्या सुमारास अठरा वर्षांचे होते; पण मध्ये वर्षे गमावलेले मूल दहावीत किंवा अकरावीतच अठरा ओलांडते, आणि प्रतिपालकत्वाचा आदेश व त्याबरोबरचे अर्थसाहाय्य त्या वाढदिवसाला संपते. कायद्यातील अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादाने तेविसाव्यापर्यंत मदत देण्याची तरतूद संस्थात्मक संगोपनातून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या संदर्भात लिहिलेली आहे. कुटुंबात वाढलेल्या मुलांचा तिथे उल्लेख नाही. बालगृहापेक्षा कुटुंब बरे, असे म्हणणाऱ्याच कायद्यात कुटुंबात वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी मागे पडावा, हे अन्यायकारक आहे आणि राज्य सरकारने आपल्या नियमांतून ते भरून काढले पाहिजे. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत महाराष्ट्राने 2018 पासून अनाथांसाठी ठेवलेले 1 टक्का आरक्षणही आईवडील हयात असलेल्या मुलाला उपयोगाचे नाही. आईवडील वारलेले असतील तर मात्र महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळवण्याची प्रक्रिया दहावीपूर्वीच सुरू करावी, म्हणजे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी ते हाती असेल.

बाकीच्यांसाठी तयारी सोळाव्या वर्षापासून करावी लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि त्याला आधार जोडणे ही कामे दहावीच्या सुट्टीत उरकावीत, कारण शिष्यवृत्त्या थेट खात्यात जमा होतात. मूल पूर्वी काही काळ बालगृहात राहिले असेल, तर त्या नोंदीच्या आधारे अनुरक्षणासाठी समितीकडे आणि कक्षाकडे लेखी अर्ज करावा, आणि तो वाढदिवसाच्या कितीतरी आधी द्यावा, म्हणजे निर्णय होईपर्यंत परीक्षा शुल्काची मुदत टळणार नाही. शाळा सुटलीच असेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खासगीरीत्या बसता येते. प्रतिपालकांनी अठरानंतरही मुलाला घरी ठेवायचे ठरवले, तर त्याला कोणाच्याही परवानगीची गरज नसते. खर्च तेवढा त्यांच्यावर येतो, आणि तो कोठून उभा करायचा, याची चर्चा मुलाला समोर बसवून, सतराव्या वर्षीच झाली पाहिजे.